तळ्याच्या पाळीवर एक दिवस



महाशिवरात्र जवळ आली की आंधळगाव, मोहाडी, तुमसर या पट्ट्यातील माणसे गायमुखच्या यात्रेला निघतात. शेजारच्या घरी शिदोऱ्या बांधल्या जातात. अशा वेळी तुमचा मुलगा विचारतो, "बाबा, आपण कुठे जायचं?" तेव्हा "आपण बौद्ध झालो, आपल्याला यात्रा नाही," एवढे सांगून त्याला गप्प करू नका. धम्म म्हणजे नुसती नकारांची यादी, असे त्याला वाटेल. आपण नवस सोडला. मुलाबाळांसह झाडाखाली बसून भात-चटणी खाण्याचा आनंद सोडायला कोणी सांगितले?

आपला भंडारा तळ्यांचा जिल्हा. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी येथे तलाव बांधले, आणि त्यांच्या पाळीवर माती टाकणाऱ्या हातांत आपल्याही आजा-पणजांचे हात नसतील असे कोण म्हणेल? 1951 साली मालगुजारी गेली. तेव्हा धानाची कापणी उरकली, कोशाच्या मागावरचे काम एक दिवस थांबवता आले, की सहकुटुंब एखाद्या शांत तळ्यावर जा. पौर्णिमा असेल तर फारच उत्तम.

पण तेथे एक प्रसंग हमखास येतो. म्हातारी आजी हळूच कनवटीचे नाणे काढते, पाण्यात टाकते आणि हात जोडते. नातवंडे बघत असतात. आता काय करावे?

मुलांना पुण्णेची गोष्ट सांगा. पुण्णा ही श्रावस्तीच्या अनाथपिंडिकाच्या घरची पाणी भरणारी दासी. मालकिणीच्या माराच्या भीतीने ती कडाक्याच्या थंडीतही नदीवर जाई. तेथे एक ब्राह्मण कुडकुडत स्नान करताना तिला दिसला. पाप धुतो आहे, असे तो म्हणाला. पुण्णेने त्याला विचारले, पाण्याने पाप धुतले जात असेल तर बेडूक, कासवे, मगरी सगळ्यांच्या आधी स्वर्गात जातील ना? आणि नदी पाप वाहून नेत असेल तर पुण्यही नेईलच की! ब्राह्मण निरुत्तर झाला आणि बुद्धाला शरण गेला. शिक्षण नाही, सत्ता नाही, अशा एका दासीची ही बुद्धी. थेरीगाथेत तिचे बोल आजही आहेत.

हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने महाडला घडली. 20 मार्च 1927 रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. ज्या तळ्यावर जनावरे पाणी पीत, ते माणसाच्या ओंजळीने बाटले म्हणून पंचगव्य ओतून शुद्ध करण्यात आले! उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला 1937 साल उजाडले. ज्याने पाणी पवित्र होते असे मानले, त्यानेच ते बाटते असेही मानले. एक समजूत ठेवून दुसरी टाकता येत नाही. आजीने टाकलेल्या नाण्याचे नाते या पंचगव्याशी आहे, हे मोठ्या मुलांना समजते. त्यांना कमी लेखू नका.

मात्र आजीवर ओरडू नका. राजगृहाचा सिगाल नावाचा तरुण ओल्या केसांनी सहा दिशांना नमस्कार करीत होता, कारण मरताना बापाने तसे सांगितले होते. तथागतांनी त्याच्या बापाची थट्टा केली नाही. नमस्कार करायचाच तर पूर्व म्हणजे आईबाप, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, असे त्यांनी त्याला समजावले. आजीला पाण्याकाठी सावलीत बसवा, सगळ्यांनी मिळून त्रिसरण-पंचशील म्हणा, पहिला घास तिला द्या. नाण्याचे पुढच्या वेळी बघू.

पश्चिम दिशेचेही बोलले पाहिजे. पत्नीचा मान राखावा, घरातला अधिकार तिला द्यावा, असे त्याच उपदेशात आहे. आपल्याकडे काय होते? तळ्यावरही चूल तिनेच पेटवायची आणि पुरुषांनी पत्ते कुटायचे, मग तिची सुट्टी कसली? त्या दिवशी भात तुम्ही शिजवा. करपला तरी चालेल. आणि पिशवीत बाटली लपवून नेणाऱ्यांनी घरीच राहावे. पाचवे शील तळ्याच्या पाळीवर शिथिल होत नाही.

जेवण झाल्यावर अर्धा तास कोणी बोलू नये. थंडीत तळ्यावर बदके उतरतात, ती मुलांना बघू द्या. ढिवरांच्या जाळ्यांना आणि शिंगाड्यांच्या वेलींना हात लावू देऊ नका, ती त्यांची भाकर आहे. गाळ उपसलेल्या तळ्यात काठाजवळही एकदम खोल लागते, म्हणून लहानांना एकटे सोडू नका. पत्रावळी गोळा करून, दिवस मावळण्याआधी घरी या.