खळबळ, उत्साह आणि आस्था

एका खेड्यांतील उपदेशक बंधूंनीं मला पत्रानें विचारलें आहे कीं, "तीन रात्रींच्या सभांनंतर आमच्या मंडळींत मोठें एक्साइटमेंट झालें असून सात जण बाप्तिस्मा मागत आहेत, तो त्यांस लागलाच द्यावा काय?" प्रश्न बाप्तिस्म्याचा आहे, परंतु माझें मन त्या इंग्रजी शब्दापाशींच अडलें. आम्ही सेमिनरींत शिकलेले लोक असे शब्द खेड्यांत नेतों, आणि त्यांचा अर्थ उलगडून देण्यास विसरतों. हा दोष आमचाच.

ज्या लॅटिन मुळापासून हा शब्द निघाला, त्याचा अर्थ हालवून उठवणें असा आहे. कशानें हालवलें, हें तो शब्द सांगत नाहीं. हलगीच्या आवाजानेंही माणूस हालतो, आणि बाजारांत भांडण जुंपलें म्हणजेही हालतो. आपण त्यास खळबळ म्हणावें. इफिस येथील नाटकगृहांतला जमाव आठवा: प्रेषितांच्या कृत्यांच्या १९ व्या अध्यायांत लूक सांगतो कीं, ते लोक दोन तास ओरडत होते, तरी आपण कशासाठीं जमलों हें बहुतेकांस ठाऊकच नव्हतें.

एन्थुझिअ‍ॅझम म्हणजे उत्साह. हा शब्द ग्रीक असून, ज्याच्या ठायीं देव आहे त्याची स्थिति, असा त्याचा मूळ अर्थ. तथापि अठराव्या शतकांत इंग्लंडांत तो जवळजवळ शिवीसारखा झाला होता, व जॉन वेस्ली यांजवर विरोधक हाच आरोप करीत. वेस्लींनीं १७५० सालीं छापलेल्या एका प्रवचनांत ह्याच शब्दाचा विचार केला आहे. साधनांचा उपयोग न करितां फळाची अपेक्षा करणारासही त्यांनीं ह्या दोषांत गणिलें.

तिसरा शब्द झील. पोवाड्यांत झीलकरी ओढतात ती ही नव्हे. हिला आस्था म्हणावें. खळबळीस कारण पाहिजे, आस्थेस विषय पाहिजे. ती गलबल्यावांचून वर्षानुवर्षे टिकते. पण तिच्यावरही डोळे मिटून भरवसा ठेवितां येत नाहीं, कारण पौल आस्थेच्याच भरांत मंडळीचा छळ करीत होता, हें तो फिलिप्पैकरांस स्वतः लिहितो.

तर मग रडणें, मोठ्यानें प्रार्थना करणें हें सर्व खोटें मानावें काय? तसें मला म्हणवत नाहीं. अमेरिकेंतील जोनाथन एडवर्ड्स यांनीं नॉर्थहॅम्प्टन येथील आपल्या मंडळींत १७३४-३५ सालीं मोठी जागृति पाहिली होती. १७४६ सालच्या ग्रंथांत त्यांनीं दाखविलें कीं, अशा शारीरिक चिन्हांवरून काम देवाचें आहे किंवा नाहीं, दोहोंपैकीं कांहींच सिद्ध होत नाहीं. आपल्याकडे १९०५ सालीं केडगांवीं पंडिता रमाबाईंच्या मुक्ति सदनांत मुली आक्रोश करून प्रार्थना करीत. खळबळ तेथेंही होती. पण त्याच सदनांतील मुली टोळ्या करून आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगत फिरल्या.

मीं त्या बंधूंस लिहिलें आहे कीं, सातही जणांस प्रेमानें जवळ करावें, शिकवावें, आणि पेरणी व काढणी ह्यांमधले दिवस त्यांजबरोबर घालवावे. त्यांच्याच पत्राच्या शेवटीं एक ओळ सहज आली होती. सभेंत मागें बसलेल्या व हात वर न केलेल्या एका शेतकऱ्यानें दुसऱ्या दिवशीं सकाळीं शेजाऱ्यास बोलावून, बांधाचे सरकवलेले दगड त्याच्या देखत मूळच्या जागीं नेऊन ठेविले. त्याचें नांव त्या सातांत नाहीं. त्याच्याकडे अद्याप कोणी गेलें आहे काय, हें मीं उलट टपालीं विचारलें आहे.