नम्रतेची खरी कसोटी



आपण माळशिरसकर वारीच्या वाटेवर राहतो. दर आषाढात संत ज्ञानेश्वरांची पालखी धर्मपुरीहून आपल्या जिल्ह्यात येते आणि नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करीत पंढरपूरला जाते. संत तुकारामांची पालखी नीरा ओलांडून अकलूजला येते. त्या दिवसांत एक गोष्ट आपण सर्वांनी पाहिलेली आहे. वारकरी एकमेकांना भेटतात तेव्हा दोघेही एकमेकांच्या पायांना हात लावतात आणि ‘माऊली’ म्हणतात. वय, शिक्षण, जमीन-जुमला काहीही न विचारता ही भेट होते. शेजारच्या बांधवांची ही रीत पाहून आपण स्वतःला एक प्रश्न विचारला पाहिजे. आपण ख्रिस्ती लोक एकमेकांना कसे भेटतो?

आपल्या प्रभूने या बाबतीत आपल्याला आज्ञाच दिलेली आहे. संत योहानलिखित शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात आपण वाचतो की, शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभू येशू भोजनावरून उठला, कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुऊ लागला. त्या काळी हे काम घरातल्या नोकराचे होते. पेत्राला ते सहन होईना. पण प्रभू थांबला नाही. थोड्याच वेळाने त्याला धरून देणारा यहुदाही तिथेच होता, त्याचेही पाय प्रभूने धुतले. मग त्याने सांगितले की, मी गुरू असून हे केले, तसे तुम्हीही एकमेकांना करा. संत पौल फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात हेच सांगतो. जो देवस्वरूप होता त्याने दासाचे रूप घेतले, आणि तीच वृत्ती आपल्यात असावी.

बंधू-भगिनींनो, नम्रता म्हणजे मान खाली घालून बसणे नव्हे. ‘आम्ही काय, साधी माणसे’ असे म्हणत राहणे आणि सत्काराच्या यादीत नाव राहिले की रुसून बसणे, ही नम्रता नव्हे. ‘वरून कीर्तन, आतून तमाशा’ ही म्हण आपल्याकडे उगीच पडलेली नाही. साहेबांपुढे, डॉक्टरांपुढे, पुढाऱ्यांपुढे आपण सगळेच वाकतो. त्यात कधी आदर असतो, कधी भीती, तर कधी काम करून घेण्याची गरज. म्हणून वरच्या माणसापुढे नम्रता तपासता येत नाही. ज्याच्याकडून आपल्याला काहीच मिळणार नाही, त्याच्यापुढे आपण कसे वागतो, तिथे नम्रतेची खरी कसोटी लागते.

आपल्या भागातलाच दाखला घेऊ या. दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो आणि बीडकडून, मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. माणसाचे नाव जाते आणि हत्याराचे नाव त्याला चिकटते! पहाटेच्या थंडीत ही मंडळी फडात उतरतात, लेकरे पाचटाजवळ खेळत असतात. त्यांच्याशी आपण कसे बोलतो? दुकानात गिऱ्हाइकाला ‘अहो’ आणि कोपीतल्या म्हाताऱ्यालाही ‘ए, अरे’ असे तर होत नाही ना? ‘अहो’ म्हणायला पैसा लागत नाही, थोडा मीपणा मात्र सोडावा लागतो.

याच जिभेची परीक्षा चर्चमध्येही होते. संत याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात बजावले आहे की, सोन्याची अंगठी घातलेल्या माणसाला चांगली जागा आणि गरिबाला पायाशी जागा देणे हे पाप आहे. आपण पूर्वी कोणत्या समाजाचे होतो, कोणाचे घराणे आधी बाप्तिस्मा घेतलेले, कोणाची देणगी मोठी, हे हिशेब वेदीपुढे चालत नाहीत. शांतीचे अभिवादन करताना एका घराकडे पाहायचे आणि दुसऱ्या घराकडे पाठ करायची, आणि मग एकाच भाकरीत सहभागी व्हायचे, हे प्रभूला कसे आवडेल?

या बाबतीत गोव्याच्या संत जोसेफ वाझ यांचे जीवन आपल्याला वाट दाखवते. 1651 साली बाणावली येथे त्यांचा जन्म झाला. घराणे ब्राह्मण, प्रतिष्ठित. सिलोनमध्ये डच राजवटीने कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली होती आणि तिथले भाविक मेंढपाळाविना होते. ते ऐकून 1687 साली फादर वाझ मजुराच्या वेषात तिथे पोहोचले. ज्या वर्गाकडून सेवा घेण्याची त्यांच्या घराण्याला सवय होती, त्याच वर्गाचे रूप त्यांनी स्वतः घेतले. पुढे कँडीमध्ये हेर समजून त्यांना कैदेत टाकण्यात आले. तरी 1697 साली तिथे देवीची साथ आली तेव्हा घरच्यांनी सोडून दिलेल्या रोग्यांची त्यांनी शुश्रूषा केली आणि मृतांना मूठमाती दिली. रोगी कोणत्या धर्माचा हे विचारले नाही. 1711 साली कँडीतच ते प्रभुवासी झाले. पोप फ्रान्सिस यांनी 14 जानेवारी 2015 रोजी कोलंबो येथे त्यांना संतपद बहाल केले.

फादर वाझ दूर उभे राहून दान पाठवू शकले असते. पण नम्रतेशिवाय केलेली प्रीती उपकार होते, आणि उपकार घेणाऱ्याची मान खाली जाते. नम्रतेने केलेल्या प्रीतीने त्याची मान वर होते. हा फरक आपण लक्षात ठेवू या.

येत्या आठवड्यात आपण तीन गोष्टी करू या. आपल्याकडे कामाला येणाऱ्या प्रत्येकाला नावाने आणि आदराने हाक मारू या. ज्या घराशी बोलणे बंद आहे, तिथे ‘चूक कोणाची’ हे न विचारता आपण पहिले पाऊल टाकू या. आणि पुढच्या रविवारी चर्चमध्ये एकटे बसलेल्या माणसाशेजारी जाऊन बसू या.

हे प्रभू येशू, तू वाकून आमचे पाय धुतलेस. आमची ताठ मान वाकव, आमची जीभ गोड कर आणि ज्यांना कोणी ‘अहो’ म्हणत नाही त्यांच्यात तुला ओळखण्याची दृष्टी आम्हांला दे. आमेन.