थांबलेलं हृदय, धावणारं हृदय

1970 साली अमेरिकेतल्या टोपेका इथे, मेनिंजर फाउंडेशनच्या प्रयोगशाळेत योगी स्वामी राम यांनी स्वतःचं हृदय थांबवून दाखवायचं ठरवलं. संशोधक एल्मर ग्रीन आणि त्यांचे सहकारी यंत्रांवर नजर ठेवून होते. सुमारे 17 सेकंदांच्या त्या आलेखात सरळ रेषा उमटलीच नाही. हृदय मिनिटाला 300च्या आसपास फडफडत होतं! एवढ्या वेगात कप्प्यांत रक्त भरायला उसंत मिळत नाही. मग नाडी लागणार कुठून?

त्याआधी 1961 मध्ये वेंगर, बागची आणि आनंद या संशोधकांनी भारतातल्या योगींवरचे प्रयोग प्रसिद्ध केले होते. मनगटावरची नाडी गायब व्हायची, ईसीजी मात्र चालूच. श्वास कोंडून छातीतला दाब वाढवला, की हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. म्हणजे इच्छेचा थेट हुकूम हृदयावर चालत नव्हता. इच्छा श्वासाच्या आडवाटेने तिथे पोचत होती. हे कौशल्य थोरच, पण त्यावरून आत्मज्ञान कसं मोजणार? खुद्द पतंजलींनी सिद्धींना समाधीतले अडथळे म्हटलंय. भक्तांना तेवढा भाग सहसा आठवत नाही.

‘शांत मन, संथ ठोके’ हे समीकरणही तपासून पाहावं असंच आहे. तरुण माणसाच्या हृदयाकडे येणारे, वेग वाढवणारे आणि वेग रोखणारे, दोन्ही स्वायत्त मज्जासंदेश औषधांनी अडवले, की ते मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके देतं. प्रत्यारोपण केलेलं, मज्जातंतू तुटलेलं हृदयही विश्रांतीत बहुधा 90 ते 110च्या दरम्यान धडधडतं. म्हणजे धावणं हा त्याचा स्वभाव. सत्तर-पंचाहत्तरचा संथपणा ही व्हेगस मज्जातंतूने खेचून धरलेली लगाम.

काहींच्या बाबतीत हा तोल बिघडतो. ताप नाही, रक्तक्षय नाही, थायरॉइड ठीक, तरी बसल्या जागी ठोके शंभरावर आणि दिवसभराची सरासरी नव्वदच्या वर. अशा रुग्णाला ‘मन शांत ठेवा, नामस्मरण करा’ असं ऐकवलं जातं. नामस्मरण जरूर करावं, पण या सल्ल्यात एक आरोप दडलेला असतो: तुझ्या मनातच काहीतरी खोट आहे.

कारण-परिणाम उलटेही असू शकतात. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने 1884 मध्येच मांडलं होतं, की शरीर आधी बदलतं आणि त्या बदलाची जाणीव म्हणजेच भावना. 2023 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी उंदरांचं हृदय प्रकाशाच्या झोतांनी वेगाने धडधडवलं, तेव्हा धोका संभवणाऱ्या जागी ते अधिक बुजू लागले. मेंदूतल्या इन्सुला या भागाचं काम रोखून धरलं, तर ही भीती ओसरली.

ठोके असे विनाकारण वाढलेल्या काही रुग्णांना डॉक्टर इव्हाब्रॅडीन देतात. ही गोळी ठोके सुरू करणाऱ्या पेशींमधला विद्युतप्रवाह मंद करते.