भिंतीवरचा आकडा

सिंधुदुर्गात खाडीकाठी एक गाव होते. विहीर खाली वहाळाशेजारी, घरे वर टेकाडावर, आणि विहिरीवर एक जुने डिझेल इंजिन. एरवी विजेचा पंप चाले. पण वारा सुटून झावळ तारेवर पडली की वीज जाई, ती कधीकधी चार-चार दिवस येत नसे. मग टाकीत पाणी चढवायचे ते इंजिनानेच. डिझेल तालुक्याहून कॅनमधून आणावे लागे. भाव वाढला की पाणीपट्टी वाढे आणि पाणीपट्टी वाढली की ग्रामसभेत आवाज चढत.

अशा वेळी मिस्त्रीकाका गावात परतले. तरुणपणी फिटरच्या कामासाठी ते दक्षिण ओडिशात जाऊन राहिले होते. तिथल्या आदिवासी खेड्यांत २००४ च्या सुमारास ग्राम विकास संस्थेच्या साथीने बायोडिझेलवर पाणी उपसण्याचे काम सुरू झाले होते. किंचलिंगी हे त्यांतले एक गाव. मोह, करंज, कारळे यांच्या बियांचे तेल काढायचे, पायडल मारून फिरवायच्या छोट्या यंत्रात त्याचे इंधन करायचे, एका खेपेला जेमतेम पाच लिटर, आणि त्यावर पंप चालवायचा. काकांनी ते सगळे डोळ्यांनी पाहिले होते, हातांनी केले होते.

“आपल्याकडे काय कमी आहे?” त्यांनी ग्रामसभेत विचारले. “खाडीकाठी करंज माजलेत. पूर्वी त्याच करंजेलावर घराघरांत दिवे जळत. आणि मालवणच्या खानावळींत तळणीचे तेल रोज निघते, ते कुठे जाते?”

२०१८ पासून अन्नसुरक्षेचा नियमच झाला होता. तळून तळून तेलातले घातक घटक २५ टक्क्यांच्या वर गेले, की ते तेल पुन्हा कढईत घालायचे नाही. बचत गटाच्या बायकांनी खानावळी वाटून घेतल्या. घाणेवाल्या आजींनी करंजाच्या बियांचे तेल गाळून द्यायचे कबूल केले. परवाना काढून मिथेनॉल आणले, शाळेमागच्या मोकळ्या पडवीत एका खेपेला २० लिटर तेल घेणारे भांडे बसले आणि कामाला सुरुवात झाली.

काम तसे समजण्यासारखे होते. तेल जाड असते. तसेच इंजिनात घातले तर ते नीट फवारले जात नाही, काजळी धरते. तेलाच्या प्रत्येक रेणूत चरबीच्या आम्लाच्या तीन साखळ्या ग्लिसरीनला बांधलेल्या असतात. मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा घालून तेल तापवले, की त्या साखळ्या सुटतात आणि मिथेनॉलला जोडल्या जातात. ग्लिसरीन जड, ते तळाशी बसते. वर राहते ते पातळ, पिवळसर बायोडिझेल. २० लिटर तेलाला ४ लिटर मिथेनॉल. उष्णता ५५ ते ६० अंश, त्यावर नाही, कारण ६५ च्या आसपास मिथेनॉल उकळू लागते. तासभर ढवळायचे, रात्रभर ठेवायचे, सकाळी तळाचे काढून घ्यायचे, वरचे पाण्याने धुऊन कोरडे करायचे. मिथेनॉलची वाफ नाकात जाऊ द्यायची नाही, जवळपास विस्तव नको, आणि त्या भांड्यापाशी मुलांनी फिरकायचे नाही. मिथेनॉलची ज्योत उन्हात दिसतसुद्धा नाही.

राहता राहिला प्रश्न कॉस्टिक सोडा किती घालायचा याचा. तेवढे एक काम मिस्त्रीकाका स्वतः करीत. तेलाचा नमुना घेऊन ते आतल्या खोलीत जात, दार लोटून घेत, थोड्या वेळाने बाहेर येत आणि म्हणत, “एकशे दहा.” बायका ११० ग्रॅम सोडा तोलून घालीत. सकाळी भांड्यात दोन थर स्वच्छ वेगळे झालेले दिसत.

हिवाळाभर आकडा बदलला नाही. खानावळी त्याच, तेल तसेच. शेवटी कुणीतरी पडवीच्या भिंतीवर खडूने लिहून टाकले : २० लिटरला ११० ग्रॅम. काका ते वाचून हसले. खोडले मात्र नाही.

घाणेवाल्या आजींची नात नववीत होती. शाळा सुटली की ती पडवीत बाटल्या धुवायला येई. तिने एकदा विचारले, “काका, एकशे दहाच का?”

“तेवढाच लागतो म्हणून.”

“आणि कधी जास्त लागला तर?”

“तेव्हा मी सांगेन ना! मी कुठे चाललोय?”

माणूस वाईट नव्हता. पहाटे उठून इंजिन चालू करी, कुणाकडून एक पैसा घेत नसे. पण आयुष्यभर परमुलखात हुकूम ऐकलेल्या माणसाला आपल्या गावात पहिल्यांदा मान मिळाला होता. सगळ्यांना सगळे कळले तर आपल्याला हाक कोण मारील, ही भीती त्यांनी मनाच्या तळाशी दाबून ठेवली होती. ती त्यांनी कुणाला सांगितली नाही, कदाचित स्वतःलाही नाही.

एप्रिलच्या अखेरीस काका मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुंबईला लेकीकडे गेले. मे महिना लागला. तारकर्ली-मालवणला पर्यटकांची झुंबड उडाली. खानावळींतल्या कढया सकाळपासून रात्रीपर्यंत उतरेनात. ओले मासे त्याच त्या तेलात पुन्हा पुन्हा पडत होते. पाण्याचा अंश आणि उष्णता मिळून तेल फोडतात, त्यातली आम्ले मोकळी होतात, तेल आंबट होते. ते आंबट तेल पडवीत आले. त्यात आजींच्या घाण्याचे ताजे करंजेल पडले, आणि करंजेलात मुळातच आम्ल जास्त.

बायकांनी भिंतीकडे पाहिले आणि ११० ग्रॅम सोडा घातला.

सकाळी थर दिसले नाहीत. भांडेभर गढूळ, तेलकट मिश्रण. “सोडा कमी पडला असेल,” म्हणून कुणीतरी अंदाजाने आणखी दोन मुठी टाकल्या. दुपारपर्यंत सगळे खरवसासारखे थिजून बसले. २० लिटर तेल गेले, ४ लिटर मिथेनॉल गेले.

मुंबईला फोन लावला. “किती घातलात? एकशे दहा? मग बरोबर आहे,” काका म्हणाले. थोडे थांबून म्हणाले, “तेल बिघडले असेल. मी आलो की बघू. पंधरा दिवस तरी डॉक्टर सोडत नाहीत.”

त्याच आठवड्यात वळवाच्या पावसाने तारा तुटल्या. टाकी रिकामी व्हायला लागली. बचत गटाने आपल्या पैशांतून तालुक्याहून डिझेल आणले. ग्रामसभेत जुने आवाज पुन्हा चढले. “हे आपले काम नव्हे. यंत्र भंगारात द्या.” बायका खाली मान घालून ऐकत होत्या. यंत्र बिघडलेले नव्हते, तेलही टाकाऊ नव्हते, हात तेच होते. मग चुकले काय, हे कुणालाच सांगता येईना.

आजींची नात उठली. “मी दाराच्या फटीतून पाहिलेय,” ती म्हणाली. “काका स्पिरिटात थोडेसे तेल घालतात. मग दुसरे काहीतरी थेंबथेंब सोडतात. गुलाबी रंग आला की थांबतात. आकडा तिथून येतो.”

विज्ञानाच्या बाई सभेत होत्या. त्या म्हणाल्या, “अगो, हे तर अनुमापन! तेलात आम्ल किती आहे ते मोजतात काका.” पण गुलाबी रंग दाखवणारे फिनॉल्फ्थॅलीन शाळेत शिल्लक नव्हते, आणि काकांच्या कपाटाला कुलूप होते.

आजी इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, “रंगच बघायचा ना? हळदीला चुना लागला की ती लाल होते. कुंकू आणखी कशाचे करीत होते? हळदीच्या डागाला साबण लावून बघा कधी.”

बाईंना ते लगेच पटले. आम्लात हळद पिवळी राहते, आम्लारीत लाल होते. जे काम फिनॉल्फ्थॅलीन करते तेच ती करते.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओट्यावर सगळा बचत गट जमला. एक लिटर स्वच्छ पाण्यात एक ग्रॅम कॉस्टिक सोडा विरघळवला. औषधाच्या दुकानातून आणलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलात हळद ढवळून गाळून घेतली. त्यातले दहा मिलिलिटर एका बाटलीत घेतले, त्यात एक मिलिलिटर तेल सोडले आणि बिनसुईच्या सिरिंजने सोड्याचे पाणी थेंबथेंब घालायला सुरुवात केली. पहिला नमुना डिसेंबरच्या तेलाचा. एका बाटलीत ते थोडे उरले होते. दोन मिलिलिटर पडले आणि पिवळा रंग लाल झाला, तो लालच राहिला. मग मे महिन्याचे तेल घेतले. दोन झाले, तीन झाले, चार झाले, रंग पिवळाच. सहाव्या मिलिलिटरला लाली आली.

बाईंनी फळ्यावर लिहिले. न वापरलेल्या तेलाला लिटरमागे साडेतीन ग्रॅम सोडा लागतो. वापरलेल्या तेलातले आम्ल त्याआधीच काही सोडा गिळते. सिरिंजमधून जितके मिलिलिटर गेले, तितके ग्रॅम लिटरमागे वाढवायचे. साडेतीन आणि दोन, साडेपाच. वीस लिटरला किती?

“एकशे दहा!” बायका एकदम ओरडल्या.

महिनोन्‌महिने ज्या आकड्याकडे त्या हात जोडल्यासारख्या पाहत होत्या, तो असा त्यांच्यासमोर उलगडला. तो डिसेंबरच्या तेलाचा आकडा होता, मे महिन्याच्या तेलाशी त्याचा संबंधच नव्हता. आताचा हिशेब साडेतीन आणि सहा, साडेनऊ. वीस लिटरला १९० ग्रॅम.

या वेळी घाई कुणी केली नाही. तेल आधी तापवून त्यातले पाणी उडवले, कारण पाणी राहिले की साबण होतो. मग एकाच लिटरची चाचणी घेतली. ती साधली तेव्हा वीस लिटर घातले. थोडा साबण झालाच, धुवायला पाणी जास्त लागले, इंधन नेहमीपेक्षा कमी मिळाले. तयार इंधनाचे तीन मिलिलिटर सत्तावीस मिलिलिटर मिथेनॉलमध्ये घालून बाईंनी शेवटची परीक्षा केली. तळाशी तेलाचा थेंब दिसला नाही, म्हणजे कच्चे तेल राहिलेले नव्हते. संध्याकाळी इंजिन सुरू झाले आणि टाकीत पाणी चढले.

त्या रात्री नातीने भिंतीवरचा आकडा पुसला. तिथे एकाखाली एक चार ओळी लिहिल्या : नमुना घ्या. हळदीत मोजा. साडेतीन मिळवा. लिटरने गुणा.

जूनमध्ये काका आले. पडवीत शिरताच त्यांची नजर भिंतीवर गेली. ते बराच वेळ तिथेच उभे राहिले. नातीने सिरिंज त्यांच्यापुढे धरली. “काका, आजचे तेल तुम्ही बघा. आमचे बरोबर येते का ते सांगा.”

काकांनी मोजले. “चार,” ते म्हणाले.

“म्हणजे साडेसात. वीसला दीडशे,” कोपऱ्यातून एक बाई बोलली. ती चौथीनंतर शाळेत गेलेली नव्हती.

काका ओट्यावर बसले. म्हणाले, “ओडिशात ते पायडलचे यंत्र बघून मला हसू यायचे. एवढा घाम गाळायचा आणि इंधन पाच लिटर! पण मी तिथून निघालो तेव्हा कुणाचे काही अडले नाही. मोजणारे हात तिथे पुष्कळ होते. मी तिथून यंत्र आणले. जे आणायला हवे होते ते तिथेच ठेवून आलो.” त्यांनी कपाटाची किल्ली काढली आणि नातीच्या हातात दिली.

१० ऑगस्टला, जागतिक जैवइंधन दिनी, शेजारच्या गावांना शाळेत बोलावले. बाईंनी मुलांना सांगितले, की १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेलचे इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले होते. मिथेनॉल अजून बाहेरूनच आणावे लागते, हेही त्यांनी लपवले नाही. पाहुण्यांतला एक शेतकरी कडवटपणे म्हणाला, “आम्हालाही एकदा मोगली एरंड लावायला सांगितला होता. २०१७ पर्यंत देशात वीस टक्के जैवइंधन, असे २००९ चे धोरण होते. झाडे वाढली, बिया कुठे धरल्या?”

काका म्हणाले, “दादा, तो आकडाही भिंतीवरचाच होता. तुमच्या बांधावर, तुमच्या पाण्यावर एका झाडाला किती बी धरते, हे आधी दोन-चार झाडांवर कुणी मोजले होते का? आमच्याकडून आकडा नेऊ नका. ही सिरिंज न्या. ही पोर चार दिवस येईल आणि मोजायला शिकवील.”

तात्पर्य : इंधन गावात तयार झाले, एवढ्याने ते गावाचे होत नाही. परदेशातल्या तेलविहिरीवर विसंबणे आणि गावातल्या एकाच माणसाच्या डोक्यावर विसंबणे, दोन्ही परावलंबनच. जाणत्याने नुसते उत्तर दिले तर लोक त्याच्या दाराशी उभे राहतात, उत्तर काढायची रीत दिली तर स्वतःच्या पायावर उभे राहतात. तेल दर महिन्याला बदलते, पाऊस बदलतो, भाव बदलतो. म्हणून कुणाला काही शिकवायचे असेल, तर आकडा पाठ करून घेऊ नका, मोजायला शिकवा. आणि शिकणाऱ्याने “एकशे दहाच का?” हे विचारायला कधी लाजू नये.