नक्कल आणि नाव

लोणावळ्याच्या पावसाला वस्तूंमधला भेद कळत नाही. कातडी पेटी असो, लग्नातला शालू असो की देवघरातली पोथी असो, चार महिने सरले की सर्वांवर सारखीच पांढुरकी बुरशी धरते. म्हणून नवरात्राच्या आधी कपाटे उघडून सारे काही उन्हात मांडायचे, हा आमच्या घरचा कुळाचारच होऊन बसला आहे. दोन वर्षांपूर्वी त्या मांडामांडीत वहिनींनी माळ्यावरून एक खोके खाली काढले. त्यात दादाचा कॉम्प्युटर होता. दादाला जाऊन तेव्हा पाच वर्षे झाली होती.

कॉम्प्युटर म्हणजे आजच्यासारखे सुबक यंत्र नव्हे. कमोडोर ६४ या नावाचा, १९८२ साली अमेरिकेत निघालेला, पावाच्या लादीसारखा फुगीर असा तो कीबोर्ड. तो घरच्या टेलिव्हिजनला जोडायचा. दादा काही वर्षे परदेशी नोकरीत होता, तेथून येताना त्याने तो आणला. त्याचे खेळ गाण्यांच्या असतात तशाच कॅसेटवर असत, आणि एकेक खेळ चढायला इतका वेळ लागे की तेवढ्यात चहा होऊन जाई. आता त्या कॅसेटच्या फितींवर बुरशी चढली होती. पुतण्या तळेगावच्या एका कारखान्यात इलेक्ट्रॉनिक्सचे काम करतो. त्याने एकेक फीत कापसाने पुसली, पुन्हा गुंडाळली, आणि तीस-चाळीस खेळांतून आठ सुखरूप बाहेर काढले. सात विकतचे होते. आठवा दादाने स्वतः रचलेला होता. पूर्वी खंडाळ्याच्या घाटात गाडी उलटी फिरवून वर चढवीत असत. दादाच्या खेळात ती तशीच चढवायची.

फिती पुन्हा सडणार, म्हणून पुतण्याने ते आठही खेळ एका चिपवर उतरवले आणि तिची एक डबी, म्हणजे कार्ट्रिज, घरीच तयार केली. ही चिप मला फार आवडली. तिच्या पाठीवर काचेची इवलीशी खिडकी असते. अतिनील दिव्याखाली वीसेक मिनिटे ठेवली की त्या खिडकीतून आत शिरलेला प्रकाश सारे लिहिलेले पुसून टाकतो आणि चिप पुन्हा कोरी होते. म्हणून लिहून झाल्यावर खिडकीवर कागद चिकटवायचा. चिपमध्ये जागा ६४ किलोबाइट. तिचे ८-८ किलोबाइटचे आठ खण पाडले. तीन बटणे बसवली. प्रत्येकाच्या अवस्था दोन, म्हणजे दोन दुणे चार, चार दुणे आठ. बटणे जशी लावाल तो खण उघडतो.

"पण काका, यंत्राला कसं कळतं की डबी लावली आहे?" असे त्यानेच मला विचारले आणि उत्तरही त्यानेच दिले. सुरू होताच यंत्र एका ठरावीक जागी पाच अक्षरे आहेत का ते पाहते. असली, तर सारा कारभार डबीच्या हाती सोपवते. ती अक्षरे कोणी लिहिली, हे यंत्र विचारीत नाही.

ते विचारण्याची पाळी पुढच्याच महिन्यात आली. जुनी यंत्रे जमवणारे पुण्याचे एक गृहस्थ सुटीला लोणावळ्यास आले होते. त्यांनी डबी पाहिली आणि अशाच पंचवीस करून मागितल्या. पैसेही बरे देऊ केले. पुतण्या माझ्याकडे आला. "काका, देऊ का करून?"

मी पटकन "दे की" म्हणून गेलो. माझा युक्तिवाद तयारच होता. चोरी म्हणजे काय? माझी छत्री तुम्ही नेलीत, तर मी भिजतो. नक्कल केली तर मूळ वस्तू जागच्या जागी राहते. दिव्याने दिवा लावला म्हणून पहिला दिवा काही विझत नाही!

वहिनी चकलीची भाजणी चाळत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "दिवा विझत नाही, भाऊजी, पण पहिल्या दिव्यात तेल कुणी घातलं होतं? एक खेळ आमच्या घरचा. बाकीच्या सातांच्या बायकापोरांना विचारलंत का?"

मी गप्प झालो. दादा रात्र रात्र जागून ती गाडी घाटात चढवीत होता, हे त्यांनी पाहिले होते. त्या सात खेळांमागेही कोणी तरी तसेच जागले असणार, हे मला सुचले नव्हते.

मग मी कायद्याकडे वळलो. आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. त्यात १९८४ साली कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम आले. ज्याच्याकडे रीतसर घेतलेली प्रत आहे, त्याने ती नष्ट होऊ नये म्हणून दुसरी करून ठेवावी, अशी मुभाही कायद्यात आहे. पण खरे सांगायचे तर दादाच्या सातही कॅसेट मित्रांकडून उतरवून घेतलेल्या होत्या. त्या काळी सारेच तसे करीत. तेव्हा तो आधार आमच्या हातून सुटला. दुसरीकडे, ग्रंथासारख्या कृतीवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो, आणि प्रोग्रॅमची गणना कायद्याने ग्रंथातच केली आहे. आमच्या घाटात फीत साठ पावसाळे काढील काय? हक्क जिवंत असताना वस्तूच मरून गेली, तर त्या हक्काने राखले तरी काय? म्हणजे जपणाऱ्याचीही बाजू अगदीच लंगडी नव्हती.

मला संताजी जगनाड्यांची आठवण झाली. आमच्याच मावळ तालुक्यात सुदुंबऱ्याला त्यांची समाधी आहे. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी ते एक, व्यवसाय तेलाचा. गाथा इंद्रायणीत बुडवल्याची आणि ती तरून आल्याची कथा प्रत्येक मराठी घरात सांगतात. ती इंद्रायणीही आमच्या लोणावळ्याच्या डोंगरातच उगम पावते. पाण्याने काय राखले ते भक्तीने जाणावे. पण संताजींच्या वह्यांनी काय राखले, ते आपण डोळ्यांनी वाचू शकतो. वि. ल. भावे यांनी त्याच वह्यांवरून गाथेची आवृत्ती सिद्ध केली. नक्कल करणारा हात नसता, तर आपण किती गरीब राहिलो असतो!

हा दाखला मी मोठ्या आनंदाने वहिनींपुढे ठेवला. त्या म्हणाल्या, "तुकोबांनी अभंग विकायला मांडले नव्हते. आणि संताजींनी तरी वह्या कुठे विकल्या? शिवाय ते स्वतः अभंग रचत होते. पण तुकोबांच्या अभंगातलं तुकोबांचं नाव खोडून त्यांनी आपलं घातलं नाही."

नावाचा हा मुद्दा मला उशिरा उमगला. १९९० नंतर आपल्याकडच्या खेळण्यांच्या दुकानांत टीव्हीवर खेळायच्या डब्या येत. त्यांवर '९९९९ खेळ' असे छापलेले असे. मुलांचे डोळे विस्फारत. प्रत्यक्षात मूठभर खेळच नावे बदलून, पायऱ्या बदलून पुन्हापुन्हा येत, आणि मूळ कर्त्याची ओळ बहुधा पुसलेली असे. तेथे कर्त्याचा पैसा गेला, नाव गेले, आणि ज्या पोराने वर्षभर साठवलेले पैसे मोजले त्याचीही फसवणूक झाली. नक्कल तीच, पण संताजींच्या वहीत आणि या डबीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ते अंतर नक्कल करण्याच्या क्रियेत नाही. नक्कल कोणासाठी केली, आणि कर्त्याचे नाव तिच्याबरोबर पुढे गेले की वाटेत गाळले गेले, यात ते आहे.

कार्ल्याच्या लेण्यात जाणारे बहुतेक जण एकवीरेचे दर्शन घेऊन चैत्यात डोकावतात आणि परततात. पुढल्या वेळी जरा थांबा. लाकडी घराची घडण तेथे दगडात उतरवलेली आहे. ती सुद्धा एक नक्कलच. छताच्या मूळ लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षांनंतर आजही जागेवर आहेत. आणि दाराशी एक लेख आहे: हे दार धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने केले. शेठ-सावकारांची, दात्यांची नावे तर तेथे आहेतच. पण सुताराचेही आहे. ज्याने हाताने केले त्याचे नाव राहावे, ही इच्छा आपल्या मावळात इतकी जुनी आहे.

शेवटी पुतण्याने आपल्या मनाने ठरवले. पुण्याच्या गृहस्थांना त्याने फक्त दादाच्या खेळाची डबी करून दिली आणि पैसे घेतले नाहीत. आठ खेळांची डबी घरातच राहिली. हे निर्दोष झाले, असे मी म्हणणार नाही. घरातल्या डबीतले सात खेळ अजूनही न विचारता घेतलेलेच आहेत, आणि ते पुसून टाकावेत असे सांगायला माझी जीभ रेटत नाही. पुतण्याने एवढे मात्र केले: जुन्या मासिकांतून शोधून प्रत्येक खेळाच्या कर्त्याचे नाव डबीवरच्या चिठ्ठीवर लिहिले. पाच सापडली. दोन सापडली नाहीत. त्यांच्यासाठी त्याने दोन ओळी कोऱ्या ठेवल्या.

गेल्या पाडव्याच्या संध्याकाळी फराळ झाल्यावर त्याने यंत्र लावले. वहिनी कधी नव्हे ते खेळायला बसल्या. गाडी दोनदा दरीत गेली, तिसऱ्यांदा चढली, आणि पडद्यावर दादाचे नाव आले. वहिनींनी ते वाचले आणि डबी हातात घेऊन चिठ्ठीवरून बोट फिरवले. "या दोघांचीही नावं शोध रे," एवढेच त्या म्हणाल्या. पुतण्या अजून शोधतो आहे.