कृपेचं पाणी, कोपाचं पाणी

नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम आहे. पावसाळ्यात पाणी चढतं, दत्तमंदिराच्या गाभाऱ्यात शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिणेकडच्या दारानं बाहेर पडतं. हा दक्षिणद्वार सोहळा. त्या पाण्यात स्नान करायला माणसं लांबून येतात.

त्याच खोऱ्यात 8 ऑगस्ट 2019 रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना बाहेर काढणारी बोट उलटली. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. कित्येक बुडाली, त्यांत बायका-मुलंही होती. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट. त्या आठवड्यात पाणी 55 फुटांवर गेलं होतं.

मग एकच नदी वाडीत कृपा आणि ब्रह्मनाळला कोप कशी?

भाविक ‘त्याची लीला’ म्हणून मोकळा होतो. पण वाडीची रीत त्याहून शहाणी वाटते. पाणी वाढू लागलं की पुजारी उत्सवमूर्ती उंचावर हलवतात. देवाला पुरात बसवून त्याची परीक्षा पाहत नाहीत. श्रद्धेला सावधपणाचं वावडं नाही, हे तिथं दर पावसाळ्यात दिसतं.

‘कृष्णामाई कोपली’ या शब्दांनी मात्र भलत्यांचीच सोय होते. पूररेषेच्या आत बांधकामांना परवानगी देणारे, धरणातल्या पाण्याचा हिशेब चुकवणारे, गावाला वेळेवर बोटी न पुरवणारे असे सगळे देवाच्या आड लपतात. नदीला हेतू चिकटवला, की माणसांच्या हेतूंची चौकशी राहून जाते. 2021च्या जुलैत कोल्हापूर-सांगलीत पुन्हा पूर आला, पुन्हा पंचनामे झाले.