पाय जमिनीवर

माणसाने उडावे की न उडावे, हा प्रश्न आमच्या घराण्यात आजवर कुणाला पडला नव्हता. आमचे गाव अंतरवाली सराटी, जालना जिल्ह्यातले. तिथे उडायची ती धूळ, भुसकट आणि लग्नात पैसा. तरीही ऐन पंचेचाळिशीत मी मावळातल्या कामशेतला पॅराग्लायडिंग शिकायला गेलो. 1978 साली फ्रान्समधल्या मियुसी गावी, विमानाचा खर्च वाचावा म्हणून तिघे जण पॅराशूट घेऊन डोंगरउतारावरून धावत सुटले आणि उडाले. काटकसरीतून निघालेला हा खेळ मला साहजिकच आपला वाटला. निघण्यापूर्वी बातमी गावभर होईल, याचीही व्यवस्था केली.

तिथे कळले, की उडण्याआधी जमिनीवर उभे राहायला शिकावे लागते. वाऱ्याकडे पाठ करायची, समोर पसरलेला 25 चौरस मीटरचा पंख दोऱ्यांनी उचलायचा आणि डोक्यावर तोलून धरायचा. पंख डावीकडे कलला, की आपणही डावीकडे त्याच्याखाली जायचे. मी हटकून उजवीकडे ओढायचो. जन्मभर तेच केले होते ना! वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की ओढ चौपट होते, हे मी गवतातून फरपटत जाताना शिकलो.

"काका, ओढू नका! त्याच्याकडे पळा!" आमचे तेवीस वर्षांचे गुरुजी ओरडायचे.

आता, जो आपल्याला फरपटवतोय त्याच्याचकडे पळायचे, हे कुठल्या संस्कारात बसते? आम्हाला शिकवले ते 'धरलेले सोडू नये'. पण खरेच चार पावले त्याच्याकडे टाकली, की दोऱ्या सैल पडतात आणि तो मुकाट खाली बसतो.

शेवटच्या दिवशी टेकडीवर गेलो, तर वारा वाढला. गुरुजी म्हणाले, "आज नाही."

"अहो, पैसे भरलेत, उद्या रजा संपते, गावात सांगून बसलोय!"

ते नुसते हसले. पंख गुंडाळताना मनात आले, इतके दिवस मी जिला जिद्द म्हणत होतो, तो हट्टच होता की काय? दोघांचे तोंडवळे अगदी सारखे. ओळखायचे कसे? मला एवढेच सुचले, की जिद्द वाऱ्याला विचारते आणि हट्ट शेजाऱ्याला.

रात्री गावाहून थोरल्या काकांचा फोन. "उडलास का रं?"

'हो' अगदी जिभेवर आले होते. एवढ्या लांब कोण बघायला येतंय! पण म्हणालो, "नाही. वारं जास्त होतं."

काका क्षणभर गप्प. मग म्हणाले, "बरं केलंस. खळ्यावर उपणताना आम्ही तिवईवर चढून पाटी धरून हुबं राहायचो. वारं कमी, तर दाणा न् भुसकट येगळं होत न्हाई. जास्त झालं, तर भुसकटासंगं दाणाबी जातो. मग उतरायचं खाली, बिडी वढायची. त्यात कसली लाज?"

पुढच्या महिन्यात पुन्हा जातोय. या खेपेला गावात कुणाला सांगितलेले नाही. फक्त काकांना.